शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. स्वयंपाकघरात ही म्हण खरी ठरते, कारण एका भांड्यातली शिते सारख्याच आचेवर शिजलेली असतात. माणसांच्या बाबतीत मात्र ती खरी ठरेलच असे नाही. आमच्या हातून एकदा अशी परीक्षा झाली आणि तिचे मोल एका तरुणाला मोजावे लागले. ही हकीकत सांगावी की सांगू नये, या विचारात बरेच दिवस गेले. अखेर सांगायचे ठरविले. कारण जी चूक आम्ही केली तीच आज पुष्कळ घरांत, अगदी चांगल्या हेतूने, होत असावी अशी आम्हांला दाट शंका आहे.

२०२४ सालच्या उपवासकाळातला तो पाचवा रविवार. सकाळच्या मिस्सा आटोपून आम्ही दुपारी एका भारोत्तोलन स्पर्धेला गेलो. आमच्या धर्मग्रामातील एकवीस वर्षांचा एक तरुण तीत उतरणार होता. पहाटे आईबरोबर वाडीतली भाजी स्टेशनवर पोहोचवायची, दिवसा नोकरी करायची आणि संध्याकाळी व्यायामशाळेत लोखंडाशी झुंजायचे, असा त्याचा चार वर्षांचा नेम. त्याने आग्रहाने बोलावले होते. 'फादर, तुम्ही पहिल्या रांगेत बसा,' असे त्याने बजावले होते.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. यात उचलीचे दोन प्रकार असतात. स्नॅचमध्ये जमिनीवरचा भार एकाच झेपेत डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यांवर घ्यायचा, उभे राहायचे आणि मग डोक्यावर पेलायचा. प्रत्येक प्रकारात तीन संधी. दोन्हींतल्या सर्वोत्तम उचलींची बेरीज हा खेळाडूचा निकाल. पण एका प्रकारातल्या तिन्ही संधी वाया गेल्या तर बेरीजच होत नाही. चार वर्षांच्या घामाचा हिशेब कोराच राहतो.

आमच्या तरुणाने स्नॅचमध्ये ७८ किलो उचलले. आम्ही टाळ्या वाजविल्या. क्लीन अँड जर्कसाठी त्याने १०० किलो मागितले. व्यायामशाळेत त्याने १०५ किलो उचलल्याचे आम्हांला ठाऊक होते. पहिल्या वेळी भार खांद्यांवर आला, पण त्याला बैठकीतून उठता आले नाही. दुसऱ्या वेळी तो उठला, पण हात वर जाता जाता वाकले. तिसऱ्या वेळी भार खांद्यांपर्यंत पोहोचण्याआधीच त्याच्या हातून सुटला आणि तो मंचावर मटकन खाली बसला. चेहरा पांढराफटक, डोळ्यांपुढे अंधारी. प्रशिक्षकांनी धावत जाऊन त्याला आडवे केले.

आम्ही पडद्याआड पोहोचलो तेव्हा प्रशिक्षक त्याला विचारत होते, "सकाळपासून काय खाल्लंस?"

"दोन अंड्यांचं पांढरं. काकडी."

"आणि काल?"

"तेच. पाणी कमी केलं होतं. वजनात बसायचं होतं ना."

"भात? चपाती?"

"राखेच्या बुधवारपासून बंद आहे. तेलही. फादर म्हणाले होते."

प्रशिक्षकांनी वर पाहिले. आम्ही समोरच उभे होतो. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

आता मागचे सांगितले पाहिजे. २०१९ साली आम्हांला मधुमेह जडल्याचे निदान झाले. डॉक्टरांनी भात कमी करायला सांगितले, खोबऱ्याचे कालवण बेताने घ्यायला सांगितले आणि रोज चालायला सांगितले. आम्ही सारे मनावर घेतले. वर्षभरात नऊ किलो वजन उतरले, रक्तातील साखर ताब्यात आली. इथवर ठीक होते. पण नवा सुधारलेला माणूस हा नव्या धर्मोपदेशकासारखा असतो. त्याला गप्प बसवत नाही. लग्नघरी, बारशाला, सभा संपल्यावर चहाच्या टेबलावर, जिथे तिथे आम्ही भाताच्या आणि नारळाच्या विरुद्ध बोलू लागलो. डॉक्टरांनी आम्हांला 'कमी करा' म्हटले होते. आम्ही लोकांना 'सोडा' सांगत सुटलो.

राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी हा तरुण आमच्याकडे आला. "फादर, या उपवासकाळात काय सोडू? मला ६१ किलोच्या गटात खेळायचंय, तीन किलो वजनही उतरवायचंय," असे त्याने विचारले. आम्हांला एका दगडात दोन पक्षी दिसले. "भात सोड, तेल-तूप सोड, खोबरं सोड. आत्म्याचंही भलं आणि शरीराचंही," असे आम्ही मोठ्या थाटात सांगून टाकले. वास्तविक चर्चच्या नियमानुसार उपवास बंधनकारक असे दिवस दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. बाकीचा त्याग ज्याने त्याने आपल्या परिस्थितीला पाहून ठरवायचा. हे आम्हीच दरवर्षी सांगतो. त्या संध्याकाळी मात्र आम्ही त्या मुलाची परिस्थिती विचारली नाही, दिनक्रम विचारला नाही, की प्रशिक्षकांचे म्हणणे काय आहे तेही विचारले नाही.

तिसऱ्या आठवड्यात त्याची आई आली. डोक्यावरची भाजीची टोपली खाली ठेवून म्हणाली, "फादर, पोरगा पेजेला तोंड लावत नाही. रात्री झोपत नाही, घरात सगळ्यांवर खेकसतो. तुमचं ऐकतो तो. तुम्ही सांगा." आम्ही हसून उत्तर दिले, "माऊली, सवयी मोडताना थोडा त्रास व्हायचाच." ती बिचारी टोपली उचलून निघून गेली. तिचे ते वाकून टोपली उचलणे आजही आमच्या डोळ्यांपुढून जात नाही.

स्पर्धेनंतरच्या आठवड्यात आम्ही आमच्या परिचयाच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो, त्या तरुणाला आणि प्रशिक्षकांना घेऊन. बाईंनी आम्हांला रागावावे अशी आमची अपेक्षा, किंबहुना इच्छा, होती. त्यांनी रागावण्याऐवजी शिकविले. जे समजले ते आमच्या शब्दांत मांडतो.

भात, भाकरी, पोळी, कंद, केळी, गूळ या सर्वांतून आपल्याला कर्बोदके मिळतात. शरीर त्यांची साखर करते आणि शिल्लक साखरेचा काही भाग ग्लायकोजेन या रूपाने साठवते. प्रौढ माणसाच्या स्नायूंत मिळून साधारण ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास एवढाच हा साठा असतो. म्हणजे कणगी लहान आहे. ती रोज भरावी लागते. एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम साखर लागते. आमच्या तरुणाची झोप का उडाली आणि तो घरच्यांवर का खेकसत होता, याचा थोडाफार उलगडा आम्हांला तिथेच झाला.

आम्ही एक शंका काढली. उचल तर काही सेकंदांची. तेवढ्यासाठी भात कशाला हवा? बाई म्हणाल्या, "फादर, प्रश्न बरोबर आहे. त्या काही सेकंदांची शक्ती मुख्यतः स्नायूंत तयार असलेल्या फॉस्फोक्रिएटिनमधून येते. पण ती एक उचल घडविण्यासाठी हा मुलगा आठवड्यातून पाच दिवस, दीड-दोन तास, शेकडो वेळा लोखंड उचलतो. ती मेहनत ग्लायकोजेनवर चालते. कणगी रिकामी असताना त्याने पाच आठवडे सराव केला. स्पर्धेच्या दिवशी तो हरला नाही. त्याआधीच रोज थोडा थोडा हरत होता."

पुढे त्यांनी जे सांगितले ते ऐकून आम्ही चकितच झालो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. भात बंद करताच पहिल्या आठवड्यात वजनकाटा भराभर खाली येतो, याचे मोठे कारण हे पाणी. आमच्या तरुणाचे पहिल्या आठ दिवसांत दोन किलो उतरले तेव्हा आम्ही त्याची पाठ थोपटली होती. उतरली होती ती चरबी थोडी आणि कणगीतले धान्य व पाणी जास्त.

मग अंडी खात होता, त्यांचे काय झाले? प्रथिनांचे मुख्य काम स्नायू बांधण्याचे आणि डागडुजीचे. पण साखरेची चणचण असली की शरीर प्रथिने मोडून त्यांतून साखर तयार करते. भात शिजविण्यासाठी चुलीत चंदन घालावे, तसा हा प्रकार. आजकाल अनेक घरांत मुलगा व्यायामशाळेत जाऊ लागला की प्रथिनांच्या पावडरीचा महागडा डबा येतो आणि ताटातली भाकरी निघून जाते. आईवडिलांनी हा हिशेब जरूर ध्यानात घ्यावा.

आता स्निग्ध पदार्थांविषयी. एक ग्रॅम कर्बोदकांतून किंवा प्रथिनांतून चार उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून नऊ. म्हणून वजन उतरवू पाहणाऱ्याची पहिली कुऱ्हाड तेलातुपावर पडते. झटक्याच्या उचलीला चरबी कामी येत नाही, हेही खरे. ती सावकाश जळणारी आहे, ओंडक्यासारखी. परंतु विश्रांतीच्या वेळी, चालताबोलताना, झोपेत शरीर तिच्यावरच बरेचसे चालते. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणाला ती लागते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्ध पदार्थांवाचून नीट शोषली जात नाहीत. स्नायूंच्या वाढीला हातभार लावणारी काही संप्रेरके कोलेस्टेरॉलपासूनच घडतात, आणि आहारातील मेद फार घटविला तर त्यांचे प्रमाण खाली येऊ शकते. म्हणून एकूण उष्मांकांपैकी २० ते ३५ टक्के स्निग्ध पदार्थांतून यावेत, २० टक्क्यांच्या खाली सहसा जाऊ नये, असे खेळाडूंना सांगितले जाते. आमचा तरुण अंड्याचा पिवळा बलक फेकून देत होता. कुणाच्या सांगण्यावरून, ते वाचकांना सांगायला नकोच.

बाईंनी मग कागदावर त्याचा हिशेब मांडला. वजन ६४ किलो. जोमाने सराव करणाऱ्या अशा खेळाडूला दर किलो वजनामागे चार ते सात ग्रॅम कर्बोदके लागतात. त्याच्यासाठी सहा धरली, म्हणजे दिवसाला ३८४ ग्रॅम. प्रथिने दर किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे सुमारे १०२ ग्रॅम. स्निग्ध पदार्थ दर किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे ६४ ग्रॅम. सारे मिळून सुमारे २५०० उष्मांक. पाच आठवडे तो याच्या निम्म्यावरही जगत नव्हता.

"हे सगळं आणायचं कुठून?" प्रशिक्षकांनी विचारले. बाईंनी त्या तरुणाला त्याच्याच घरच्या जेवणाची यादी करायला लावली. सकाळी पेज, दुपारी भात, बांगड्याचे कालवण, पालेभाजी, संध्याकाळी वाडीतली केळी, रात्री भाकरी, डाळ, अंडे. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदके असतात, मध्यम आकाराच्या एका केळ्यात २७ ग्रॅमच्या आसपास. शेंगदाण्यात जवळपास निम्मा भाग तेलाचा आणि पाव भाग प्रथिनांचा. बांगडा आणि तारली या स्वस्त मासळीत हृदयाला हितकारक असे ओमेगा-३ मेद असतात. खोबरेल तेलातील मेद मात्र सुमारे नव्वद टक्के संपृक्त प्रकारचा. तेव्हा नारळ वर्ज्य नाही, पण हात राखून. यादी वाचून बाई म्हणाल्या, "यात मला फारसं बदलायला नको. प्रमाण आणि वेळ तेवढी सांभाळा."

वेळ म्हणजे काय? सरावाच्या दोन-तीन तास आधी पोटभर भात किंवा भाकरी. सराव झाल्यावर लवकरच पुन्हा काहीतरी. तळलेले आणि तेलकट मात्र सरावाच्या तोंडावर नको, कारण स्निग्ध पदार्थांमुळे अन्न पोटात रेंगाळते आणि जडपणा येतो. स्पर्धेच्या दिवशी वजनाची तपासणी साधारणपणे दोन तास आधी सुरू होते. ती आटोपली की जो वेळ हातात उरतो तो सोन्यासारखा. त्या वेळात पाणी, मिठाची पातळ पेज, केळे, मध असे सहज पचणारे थोडे थोडे घ्यायचे. आमच्या वसईकडची सुकेळी तर जणू याच कामासाठी वाळविलेली. त्या रविवारी हा तरुण त्या वेळात काकडी चघळत बसला होता.

निघताना बाई म्हणाल्या, "दोष एकट्या भाताचा नव्हे. पाणी तोडलं, झोप नव्हती, उष्मांक निम्मे होते. आणि फादर, तुमच्या डॉक्टरांनी तुम्हांला जे सांगितलं ते तुमच्यासाठी अगदी योग्य आहे. तुमचं वय पन्नाशीच्या पुढचं, काम बसून, आणि मधुमेह. याचं वय एकवीस आणि अंगावर शंभर किलोंचा भार. एकाच्या ताटाने दुसऱ्याला वाढू नये, एवढंच."

शितावरून भाताची परीक्षा ती हीच. शीत आमचे होते; भांडे दुसऱ्याच चुलीवरचे.

या खेळात एका किलोचे मोल काय असते, हे सांगलीकरांना पुरते ठाऊक आहे. पानाचा आणि चहाचा गाडा चालविणाऱ्याचा मुलगा संकेत सरगर २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात उतरला. त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५, असे एकूण २४८ किलो उचलले. कोपराला दुखापत होऊनही त्याने रौप्यपदक मिळविले. सुवर्ण जिंकणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूची बेरीज होती २४९. जिथे एक किलो पदकाचा रंग ठरवितो, तिथे खेळाडूने मोजून मापून खावे हे ओघानेच आले. पण मोजणे वेगळे आणि तोडणे वेगळे. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली मणिपूरच्या मीराबाई चानूने ४९ किलो गटात २०२ किलो उचलून रौप्यपदक जिंकले, तेव्हा आता आधी पिझ्झा खाणार, असे तिने सांगितल्याचे वाचकांना आठवत असेल. सारा देश कौतुकाने हसला. आम्हीही हसलो होतो. पिझ्झा म्हणजे तरी काय, गव्हाची भाकर आणि वर चीज, कर्बोदके आणि मेद. अन्नाशी तिचे वैर नव्हते. तिने त्याला फक्त वेळ ठरवून दिली होती. एवढी साधी गोष्ट आम्हांला तेव्हा उमगली नाही.

पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या सोमवारी आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. आईने लगबगीने खुर्ची पुसली. आम्ही उभ्यानेच म्हणालो, "माऊली, तुम्ही सांगायला आला होता, आम्ही ऐकलं नाही. चूक आमची होती. आम्हांला क्षमा करा." ती गोंधळली. कबुली ऐकण्याची सवय आम्हांला. देण्याची वेळ अशी अवचित आली की जीभ जड होते. ती एवढेच म्हणाली, "फादर, पोटाचं आईला कळतं." मग आत जाऊन तिने मुलासाठी पेजेचा पेला भरून आणला आणि आमच्या देखत त्याच्या हातात दिला. त्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलविली. तो प्याला.

पुढे प्रशिक्षकांच्या सल्ल्याने त्याने ६१ किलोंचा हट्ट सोडला आणि ६७ किलो गटात नाव घातले. वजन हळूहळू ६६ वर गेले, पण ते बहुतांशी मेहनतीचे वजन होते. डिसेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा मंचावर उभा राहिला. क्लीन अँड जर्कच्या तिन्ही उचली त्याने साधल्या. शेवटची १०८ किलोंची. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले. पदक मिळाले नाही, चौथा क्रमांक आला. पण यावेळी हिशेबाचा कागद कोरा नव्हता. आम्ही पहिल्या रांगेतच होतो आणि त्या वेळी किती मोठ्याने ओरडलो हे मागच्या रांगेतल्या मुलांनी नंतर आम्हांला नक्कल करून दाखविले.

२०२५ चा उपवासकाळ आला तेव्हा तरुणांच्या सभेत नेहमीचा प्रश्न निघाला, काय सोडावे? आम्ही आधी प्रत्येकाला विचारले, तुझा दिवस कसा जातो, तब्येत कशी आहे, घरचे काय म्हणतात? सभा लांबली. कुणी मोबाईल सोडला, कुणी सिगारेट. व्यायाम करणाऱ्या मुलांना आम्ही सांगितले की, ताटाचा निर्णय डॉक्टरांना आणि प्रशिक्षकांना विचारून घ्या. आमच्याकडे त्या खात्याचा अधिकार नाही. त्यागाचे मोल सोडलेल्या वस्तूच्या वजनावर ठरत नाही, हे आम्ही पंचवीस वर्षे प्रवचनांतून सांगत आलो. ते आम्हांला समजले एका रिकाम्या कणगीमुळे.

आमचे पथ्य अर्थातच चालू आहे. अर्धी वाटी भात, बेताचे कालवण. आता मात्र लग्नघरी शेजारच्याच्या ताटाकडे आम्ही पाहत नाही.

परवा त्या माऊलीने डबा पाठविला. आत घरी वाळविलेली सुकेळी, दहा-बारा तरी असतील. वर कागदाच्या चिठोऱ्यावर मुलाच्या अक्षरात लिहिले होते : 'बाकीची व्यायामशाळेतल्या पोरांना द्या. फादरसाठी एकच, तेही डॉक्टरांना विचारून.'